चार खाटांचं माहेर

मेहकर तालुक्यातल्या त्या गावी सरकारी प्रसूतिगृह होतं, चार लोखंडी खाटांचं, आणि तिथली नर्स मी. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. खाटा कोऱ्या आल्या आणि कोऱ्याच राहिल्या, कारण बायका बाळंत व्हायच्या त्या घरीच. अडली की घाला बैलगाडीत आणि न्या मेहकरला. एक तर वाटेतच गेली. ती माझ्या मनातून जात नव्हती.

जिल्ह्याहून तपासणीला आलेले डॉक्टरसाहेब म्हणाले, "स्वच्छता उत्तम. पण पेशंट कुठे आहेत? पुढच्या खेपेलाही हेच दिसलं तर खाटा दुसरीकडे हलवू."

माझं डोकंच फिरलं. स्वतः गरोदर, तरी पोट सांभाळत दारोदार हिंडले. उकळलेलं पाणी, उकळलेली कात्री, सगळं समजावलं. भाजीमळेवाल्या एका सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमचं सोताचं पयलं बाळंतपण कुठी?"

"माहेरी," मी म्हणाले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय?

"मंग आमच्या सुनायले इथं काऊन बोलावता?"

ओट्यावरच्या बाया खो खो हसल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तणतणत घरी आले आणि त्याच तिरीमिरीत आईला निरोप धाडला, मी येत नाही, तूच ये.

आई रोहिणखेडहून आली ती डिंकाचे लाडू आणि भांडण घेऊनच. "लोक मले काय म्हणतीन? पयल्या बाळंतपणाले पोरीले मायच्या घरी जागा नव्हती?"

"माय, आधी पाह्य तं खरी."

आणि तिनं पाहिलं! गाद्या उलटवल्या, खिडकीच्या कोपऱ्यातून पदर फिरवला, माठात डोकावली, मोरीचा वास घेतला. अशी तपासणी साहेबांनी बापजन्मी केली नसेल. बाळंतिणीला वारा लागेल म्हणून एक खिडकी लावून घ्यायला लावली, तीही मी मुकाट्यानं लावली. शेवटी खाटेवर बसून म्हणाली, "हाव, इथं निजता येते."

प्रसूतिगृहातल्या आमच्या दाईनं माझं बाळंतपण निगुतीनं केलं. मुलगी झाली. आई दारातच ठाण मांडून बसली. बघायला येणाऱ्या प्रत्येकीला ती आत फिरवून आणायची, मोरीसकट. मी घसा फोडून जे जमवलं नव्हतं ते तिनं बसल्या जागी जमवलं. माझ्या लेकीचं बारसं व्हायच्या आत बाकीच्या तिन्ही खाटा भरल्या. मग एका संध्याकाळी त्याच भाजीमळेवाल्या सासूबाई कळा देणाऱ्या सुनेला धरून दारात उभ्या राहिल्या. मी उठले आणि माझी खाट तिला दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सगळ्या खाटा भरलेल्या, आणि मी पोरीला मांडीवर घेऊन खाली चटईवर. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बाळंतीण जमिनीवर? हे नियमात बसत नाही."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मंग एक खाट धाडा नं, साहेब!"

साहेब मोठ्यानं हसले, "धाडतो" म्हणाले, आणि शब्दाला जागले. पाचवी खाट मेहकरहून यष्टीच्या टपावर बसून आली. उतरवायला अर्धं गाव जमलं. मी सगळ्यांदेखत आनंदानं रडले. त्या खाटेवर आधी कोणाची सून निजणार यावरून दोन सासवांची तिथंच जुंपली. मी भांडण सोडवलं नाही, मनसोक्त ऐकत उभी राहिले.