मुरबाडची आयटीवाली पोरं

मुरबाडच्या कॉलेजात आयटी शिकवायला लागलो आणि पोरांना नोकरीसाठी तयार करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. तेव्हापासून किस्से असे साठलेत, की बायको म्हणते, "जेवताना एकच सांगा, भाजी गार होते!" तुम्ही मात्र सगळे ऐका.

*

डेटाबेसचा तास होता. मी विचारलं, "प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख, म्हणून माणसाचं नुसतं नाव का चालत नाही?" मागून सापगावचा गणेश उठला.

"सर, आमच्या आळीत चार गणेश हायेत. जेवायला हाक मारली तर चौघं येतात, कामाला मारली तर एकबी नाय!"

परीक्षेत हा प्रश्न कुणाचाच चुकला नाही.

*

टोकावड्याची कविता प्रोजेक्ट म्हणून रस्त्यावरच्या ढाब्यासाठी ऑर्डरची सिस्टीम करणार होती. मालकांना विचारायला गेली, "काका, तुमच्या रिक्वायरमेंट्स काय?"

"दोन वेटर दे गो!"

तिनं रिपोर्टमध्ये तस्संच लिहिलं! मी कपाळावर हात मारला. पण पोरीनं सिस्टीम उभी केली. टेबलावरची ऑर्डर थेट भटारखान्यातल्या स्क्रीनवर दिसायला लागली. परीक्षक बघायला गेले, तर मालक म्हणाले, "एक वेटर पोरीनं दिला. दुसरा तुमी द्या!"

*

एक कंपनी पहिल्यांदाच कॉलेजात इंटरव्ह्यूला आली. सगळ्या पोरांत टाय एकच, तोही माझा लग्नातला. एक बाहेर आला की दारातच दुसऱ्याच्या गळ्यात! सगळ्यात शेवटी गणेश आत गेला. साहेब हसून म्हणाले, "टाय सकाळपासून ओळखीचा आहे. आता तुझी ओळख सांग!"

गणेशनं सांगितली. सिलेक्ट झाला पठ्ठ्या!

*

थोड्याच दिवसांत गणेशचे वडील डिपार्टमेंटमध्ये हजर. "सर, नोकरी लागली म्हनता, मग पोरगा घरीच कसा?"

मी लॅपटॉप, ऑनलाइन मीटिंग, सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे सायेब रोज आमच्या घरात येतो!"

आता मीटिंगच्या टायमाला ते धुतलेला सदरा घालून ओटीवर बसतात. कोंबडा शेजाऱ्यांकडे बांधलेला असतो!

*

आणि ही सुवर्णा. पाड्यावरून चालत कॉलेजला यायची, आमच्या पहिल्या बॅचची. परवा तिच्या कंपनीनं तिलाच आमच्याकडे इंटरव्ह्यू घ्यायला पाठवलं, सोबत एक वरिष्ठ साहेब. मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाली, "सर, आधी तुमी बसा." मी बसलो.

पहिलीच पोरगी इंग्रजीत दोन वाक्यं बोलली आणि अडकली. डोळे भरले तिचे. सुवर्णा म्हणाली, "मराठीत सांग गो." मग पोरीनं अख्खा प्रोजेक्ट असा उलगडून सांगितला, की मीसुद्धा ऐकत राहिलो.

साहेबांना काही पटेना. "सुवर्णा, क्लायंटशी ही काय मराठीत बोलणार?"

सुवर्णा शांतपणे म्हणाली, "सर, माझ्या इंटरव्ह्यूला मी पण अशीच अडकले होते. कालच्या क्लायंट कॉलला इंग्रजीत मीच बोलत होते. तुम्ही म्यूटवर होता!"