सरकीच्या पोत्यातला दमेकरी

आधीच सांगून टाकते, म्हंजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. मी उंदीर पाळला होता. घरोघर असतो तसा साधा करडा उंदीर, लांब शेपटीचा. आणि तोही असल्या दिवसांत, की उंदराचं नाव काढलं तरी आमच्या परतुराकडच्या बायका पोरांना पोटाशी धरायच्या. निजामाचं राज्य होतं. पिलेग अधूनमधून कुठं ना कुठं निघायचाच, आणि माणसं पडायच्या आधी घरातले उंदीर पडायचे. आढ्यावरून उंदीर खाली आला, तडफडून मेला, की चूल विझवायची, भांडीकुंडी बांधायची आणि रानात झोपडी घालून राहायला जायचं. "उंदीर पडला" एवढे दोन शब्द बास होते. त्यावर सगळं गाव उठायचं.

असल्या गावात मी उंदीर पाळला, तर लोक मला येडी म्हणाले. म्हणू देत. मला त्या वर्सात कुणी काही म्हटलेलं लागतच न्हव्हतं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझी पोरगी गेली होती. नुकती चालायला लागली होती. छाती भरली तिची. फासोळ्या उडायच्या आणि गळ्यात घरघर, घरघर, चुलीपाशी बसलं तरी ऐकू यायची. आत्याबाईंनी, म्हंजे माझ्या सासूबाईंनी, ओव्याचा शेक दिला, तुळशीचा रस पाजला, नवस बोलल्या. एका दुपारी घरघर थांबली. मामा, माझे सासरे, दारात आले आणि म्हणाले, "सूनबाई, दिवस बुडायच्या आत नेतो तिला." मी म्हणाले, "बरं."

एवढंच. तिचं तोंड कापडानं झाकलं, आत्याबाईंनी उचललं, मामांच्या हातावर ठेवलं, आणि ते निघाले. लहान लेकराला जाळत न्हाईत, पुरतात. आमच्या शेताच्या बांधाला पुरलं. मी तिला डोळे भरून बघितलंसुद्धा न्हाई. संध्याकाळी भाकरी केल्या, सगळ्यांना वाढल्या. रडले न्हाई. आळीतल्या बायका म्हणाल्या, दगडाची हाय. असेन. तव्याला हात लागला तर जरा वेळानं कळायचं की भाजलं. कुणी काही सांगितलं की म्हणायचं, बरं. पाणी आण, बरं. जेवून घे, बरं.

आमचे मालक परतूरला जीनवर कामाला होते, कापसातली सरकी काढतात तिथं. म्हशीला घालायला ते पोत्यानं सरकी आणायचे. पावसाळा सरता सरता मी एक पोतं उसवलं तर तळाशी उंदराचं बाळंतपण झालेलं. पिलं मेलेली, एक तेवढं वळवळत होतं. नाकात कापसाचा भुगा, डोळे चिकटलेले. आत्याबाई म्हणाल्या, "फेक ती घाण उकिरड्यावर, जल्दी!"

मी उचललं, फेकायलाच उचललं. तळहातावर आल्यावर ते शिंकलं आणि मंग त्याच्या बोटाएवढ्या छातीतून आवाज आला. घरघर. अगदी तीच. मी जागची हलले न्हाई. दया आली म्हणून ठेवलं असं लोक समजत होते; दयाबिया काही न्हाई. तो आवाज परत घरात आला होता, मी तो बाहेर जाऊ देणार न्हव्हते.

ठेवला. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. जगला. पण दमा काही सुटला न्हाई त्याचा. जलमभर तो आजारीच राह्यला. हवा फिरली की शिंकायचा, पाठ कुबडी करून बसायचा, डोळ्यांच्या कडांना आणि नाकाला लालसर पाणी वाळायचं. आत्याबाईंना वाटायचं रक्तच ओकतो. ते रक्त न्हव्हतं, ओल्या फडक्यानं पुसलं की निघायचं. मी रोज सकाळी पुसायची. मला हळूहळू कळत गेलं की कडब्याची धूळ त्याला सोसत न्हाई, चुलीचा धूर तर बिलकुल न्हाई. म्हणून त्याचं टोपलं मी सोप्यातल्या कोनाड्यात ठेवलं, वर झाकण. छाती जास्त भरली की ओव्याच्या पाण्याचं गाडगं टोपल्याशेजारी ठेवून वरून कांबळं टाकायची. वाफेत तो जरा मोकळा व्हायचा. भाकरीचा चुरा दुधात कालवून दिला तर खायचा, कोरडं दिलं तर ठसकायचा. बरा असला की माझ्या खांद्यावर चढून कानामागं तोंड घालून बसायचा. त्याला मी नाव ठेवलं न्हाई. उंदीरच म्हणायची.

टोपल्यात मी पोरीचं झबलं अंथरलं होतं. ते बघून आत्याबाई जे भडकल्या! "अगं, लाज कशी वाटत न्हाई तुला? माझ्या नातीचं झबलं उंदराच्या बुडाखाली?" मी टोपल्यातलं झबलं सारखं केलं. "गणपतीचं वाहन हाय म्हणून सोडते, न्हाई तर कवाच मुंडी मुरगळली असती त्याची." त्यांनी कधी त्याला बोट लावलं न्हाई. टोपल्यावरून जाताना पदर आवरून जायच्या.

आमच्या घरापेक्षा गावाला त्याचा घोर जास्त. एके दिवशी चार म्हातारे मामांकडे ओट्यावर येऊन बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "तुमचा दमेकरी आज न उद्या पडणार. मंग आम्ही काय समजायचं? गाव उठवायचं का चूल पेटवायची?" मामा तसे विनोदी माणूस. म्हणाले, "तो आमच्या घरचा पेशंट हाय. तो मेला तर आम्ही सुतक धरू, गावानं कशाला घर सोडायचं? आमच्या घरात पडलेला उंदीर धरूच नका." सगळे हसले, चहा प्याले, आणि ठरलं तसं. आमच्या घरातला मेलेला उंदीर गावाच्या हिशेबात धरायचा न्हाई. आतून मी ऐकून राह्यले होते. मला त्यात काही वावगं वाटलं न्हाई. वाटायला डोकं ठिकाणावर लागतं.

तो हिवाळा गेला, आणि पुढच्या हिवाळ्यात धाकट्या जावेला मुलगा झाला. तिच्या माहेरी कुणी उरलं न्हव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी. थंडी अशी की पाण्यात हात घालवत न्हव्हता. आत्याबाईंनी बाळंतिणीच्या खोलीला घोंगड्या लावल्या, शेगडी ठेवली. बारावं होईपर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा न्हाई, वारं लागतं. एक नातवंड छाती भरून गेलेलं. त्या दाराला फटसुद्धा राहू देत न्हव्हत्या. पोर गुटगुटीत होतं. मी बाळंतिणीला खायला नेऊन द्यायची, पोराकडं बघायची न्हाई.

बारावं व्हायचं होतं अजून. मी विहिरीवरून आले, घागर उतरवली, तर आत्याबाई ओट्यावर उभ्या. आवाज कधी नव्हे तो मऊ. "बाई, गेला तुझा उंदीर. धान्याच्या कणगीमागं पडला होता. म्या चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकला. सुटला बिचारा." शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "चला, एकदाचा मिटला घोर." तिला मनापासून आनंद झाला होता. थंडीच्या दिवसांत घरातला दमेकरी मेला, ठरल्याप्रमाणं त्याचा हिशेब न्हाई. कुणी कुठं जायचं न्हाई.

मी म्हणाले, "बरं."

पाणी भरलं. पीठ मळायला घेतलं. काही वाटतंय का म्हणून बघितलं, काहीच वाटेना. मंग आठवलं, झबलं धुऊन ठेवावं. पीठ लागलेल्या हातानंच कोनाड्याशी गेले, झाकण काढलं.

आतून आवाज आला. घरघर, घरघर. झबल्याच्या बाहीत तोंड खुपसून बसला होता माझा उंदीर. त्यानं वर बघितलं, शिंकला.

मंग माझ्या डोक्यात लख्ख झालं. हा इथं हाय, तर उकिरड्यावर कोण हाय? कणगीमागं पडला तो दुसराच. चांगला धडधाकट उंदीर कणगीमागं येऊन मेला, आणि पलीकडच्या खोलीत ते पोर निजलंय.

"आत्याबाई!" मी ओरडले. ओरडले म्हंजे किती, तर मामा ओट्यावरून धावत आत आले. मी म्हणाले, "हा जित्ता हाय. तो आपला न्हव्हता. उंदीर पडलाय."

आत्याबाईंचं तोंड पांढरं झालं. पण त्या बाळंतिणीच्या दाराला पाठ लावून उभ्या राह्यल्या. "अगं, असल्या थंडीत रानात? पोराच्या छातीत वारं भरंल. एक असंच गेलंय. मी न्हाई नेऊ देणार." मामांनाही वाटत होतं की मी म्हणते ते खोटं असावं. मी टोपलं त्यांच्या कानाशी नेलं. "ऐका." त्यांनी ऐकलं. मंग आत्याबाईंच्या कानाशी नेलं. ज्या आवाजाला त्या वर्सभर शिव्या देत होत्या, तो त्यांनी डोळे मिटून ऐकला. मंग दारातून बाजूला झाल्या.

मामांनी पाटलाकडं माणूस पाठवला. दुपारपर्यंत दवंडी झाली. काहीजण म्हणाले, त्यांच्या घरातला उंदीर धरायचा न्हाई असं ठरलंय, आम्ही न्हाई उठत. आम्ही बाळंतिणीला बैलगाडीत घोंगड्यांच्या आत बसवलं, पोर तिच्या पोटाशी. मी टोपलं घेऊन गाडीशी आले, तर मामा म्हणाले, "ते न्हाई, सूनबाई. पिलेगच्या घरातला उंदीर रानात न्यायचा न्हाई." बराबरच होतं त्यांचं.

मी म्हणाले, "बरं."

टोपलं परत कोनाड्यात ठेवलं. झाकण काढून ठेवलं, म्हंजे त्याला जायचं तिकडं जाता येईल. भाकरी दुधात कालवून ठेवली, खापरात पाणी ठेवलं. मालकांनी दाराला कुलूप घातलं.

रानात उन्हाळा लागेपर्यंत राह्यलो. जे उठले न्हव्हते त्यांच्यातले किती गाठी येऊन गेले ते सांगत बसत न्हाई. आमच्या झोपडीतलं पोर वाढत होतं. जाऊ त्याला माझ्या मांडीवर टाकून कामाला लागायची. मी त्याच्या छातीला कान लावायची. काही ऐकू यायचं न्हाई, साफ श्वास. चांगलीच गोष्ट होती. पण मला तिथं करमायचं न्हाई, एवढं खरं.

साथ सरल्यावर परत आलो. कुलूप काढल्यावर आत्याबाई झाडू आणि चिमटा घेऊन पुढं गेल्या, मी मागनं. सोप्यात सगळीकडं धूळ. टोपलं कोनाड्यात तसंच. तो आतच होता, वाळून पानासारखा झालेला, तोंड झबल्याच्या बाहीत. झाकण उघडं असून कुठं गेला न्हव्हता.

आत्याबाईंनी चिमटा पुढं केला. "बघू नको तू. म्या टाकून येते."

मी म्हणाले, "थांबा."

आत्याबाई थांबल्या. चिमटा खाली ठेवला, झाडू खाली ठेवला आणि बाजूला उभ्या राह्यल्या. घाई केली न्हाई की काही बोलल्या न्हाईत. मला पाहिजे तेवढा वेळ मी त्याच्याकडं बघितलं. आणि बघता बघता मला कळलं, त्या दिवशी मी थांबा म्हणाले असते, तर त्या दिवशीही थांबल्या असत्या. मामाही थांबले असते. माझी पोरगी मला बघायला मिळाली असती.

मंग मी रडले. पोरीसाठी रडले, उंदराचं निमित्त. भुईवर बसून, गळा काढून, आळीला ऐकू जाईल असं. आत्याबाई माझ्यापाशी बसल्या. जरा वेळानं उठल्या, आणि ज्याला कधी बोट लावलं न्हव्हतं त्याला झबल्यासकट दोन्ही हातांनी उचललं, पदरात घेतलं. म्हणाल्या, "चल बाई. बांधाला नेऊ याला, तिच्यापाशी."