नाल्यापलीकडचा ठिपका

मी रायपूरले निघाली तेव्हा माझे बाबा लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आले होते. लग्नाले आठच दिवस झालेले, नवरा रेल्वेत. बस दिसली तसे बाबा हळूच म्हणाले, "कोणी विचारलं तर गाव सांगजो, मोहल्ला सांगू नको."

तुम्ही जे तिकडंच राहिले, अन् जे माझ्यासारखे इकडं आले, तुम्हाले याचा अर्थ सांगाची गरज नाही. आपली घरं नाल्याच्या पलीकडं, विहीर अलीकडं गावात. जागा समजली की जात समजली. म्हणून रायपुरात मले सर्वात मोठं सुख भेटलं ते क्वार्टरच्या नंबराचं. शेजारीण विचारे, "कोन गाँव के हव दीदी?" मी म्हणे, "भंडाऱ्याकडची." झालं, विषय खतम.

आता नातीच्या शाळेत भूगोल कम्प्युटरवर शिकवून राहिले. प्रत्येकानं आजी-आजोबाचं घर नकाशावर दाखवाचं, मंग मॅडम सर्वांचे ठिपके मोठ्या पडद्यावर लावणार. पोट्टी टॅबलेट घेऊन बसली. वरून काढलेला गावाचा फोटो, नाला अन् छपरंसुद्धा दिसे.

"उंगली रखो आजी, घर कहाँ था?"

"हे कोण कोण पाहीन?"

"पूरी क्लास।"

"अन् मंग पुसता येते का?"

"आपको तो नक्शे पर भी शक है!" म्हणून हसली.

शक आहेच. मी बोट ठेवलं ते सरळ गावातल्या विहिरीजवळ.

पण त्या नकाशात अंतर मोजाचंही होतं, घरापासून पाण्यापर्यंत. तिनं रेघ ओढली अन् माझ्याकडं पाहतच राहिली. "चालीस कदम? आप तो बोलती थीं पानी लाते-लाते आपकी माँ के पैर जल जाते थे। झूठ था क्या?"

मले तोंड वर करवेना. आपली लाज झाकता झाकता मी माझ्या आईलेच खोटं पाडलं होतं.

"ठिपका उचल," म्हटलं. "नाल्याच्या पलीकडं ने."

रेघ लांबतच गेली. तरी रेघ विहिरीशी सरळ थांबे, अन् आई तर तिथं घागर खाली ठेवून उभी राहे, कोणाले दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. हे कोणत्या रेघेत बसते? ठिपक्याखाली लिहाले जागा होती. मी सांगितलं, तिनं हिंदीत लिहिलं. पोट्टीनं लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं. मंग म्हणे, "क्लास में पढ़ दूँ?"

"पढ," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

सकाळी ती शाळेत गेली, तवापासून मी दारातच बसून आहो. तिच्या बाजूला बसणारी पोरगी उद्यापासून डबा वाटून खाईन का नाही, कोणाले माहीत? तुम्ही पत्रात विचारता, आता तुमचं घर कोणतं म्हणाचं, तिकडचं का रायपूरचं? थांबा जरा. पोट्टी येऊ द्या. तिचं तोंड पाहून सांगतो.