भाऊजींचं छप्पन्न दात्यांचं चक्र

आमचे भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय अठ्ठावन्न, अंगावर मांस औषधालाही नाही, आणि बोलणं त्याहून कमी. वेताच्या खुर्च्या विणतात. कुणाच्या खुर्चीचं बूड फाटलं की बोलावणं येतं. हे सायकलच्या कॅरियरला खुर्ची उलटी बांधून घरी आणतात आणि मागच्या खोलीत वेत पाण्यात भिजत घालून बसतात. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बसायला एक बुटकं स्टूल विणून दिलं होतं. "वहिनी, उभं राहून पाय दुखतात तुमचे," एवढंच म्हणाले आणि पळाले. सख्ख्या नवऱ्याच्या ही गोष्ट अजून लक्षात आलेली नाही. तेव्हा या माणसावर माझा जीव आहे, आणि मी जे काही वाकडंतिकडं बोलेन ते हक्काने बोलेन.

त्यांचं लग्न राहूनच गेलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं यांनी केलं, आणि त्या गेल्या तोवर यांचे केस पांढरे झाले. पुढे कुणी विषय काढला की यांना नेमकं वेत भिजवायचं आठवायचं. शेवटी मीही नाद सोडला.

मग टेकडीवरच्या शाळेच्या ग्रंथालयातून निरोप आला, खुर्च्या विणायच्या आहेत. भाऊजी गेले आणि एक खुर्ची घेऊन आले. पुढच्या आठवड्यात ती पोचवली आणि दुसरी आणली. मी म्हटलं, "अहो, हातगाडी करा, सगळ्या एकदम येतील." तर म्हणतात, "एकेकीचं काम नीट होतं, वहिनी." आणि कान लालभडक! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस काही खुर्च्यांसाठी टेकडी चढत नव्हता.

पुस्तक बदलायचं निमित्त काढून मी वर जाऊन आले. ग्रंथपालबाई माझ्याच वयाच्या निघाल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात. मोकळं हसतात, आणि भाऊजींचा विषय निघाला की हातातलं स्वच्छ पुस्तक पुन्हा पुसतात. मला आडपडदा जमत नाही. सरळ विचारलं, "आमच्या दिरांशी लग्न कराल का?"

बाईंनी हातातलं पुस्तक कपाटात ठेवलं. मग म्हणाल्या, "माणूस लाखात एक आहे. पण माझ्या नवऱ्याला छातीचं दुखणं होतं. शेवटची वर्षं मी त्यांच्या उशाशी बसून त्यांचा श्वास ऐकत काढली. हा आला, आता पुढचा येतोय की नाही, असं. तुमचे दीर इथे येतात ते असे धापा टाकत येतात की मी पुन्हा श्वास मोजायला लागते. ते सगळं पुन्हा नाही हो होणार माझ्याने."

मी सांगितलं, भाऊजी ठणठणीत आहेत, डॉक्टरांनी तपासलंय, ती चढणच तसली आहे. त्या म्हणाल्या, "डॉक्टर आमच्या ह्यांनाही ठणठणीतच म्हणायचे." कपाळ माझं!

घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. भाऊजींच्या हातातला वेत हातातच राहिला. "म्हणजे, धाप लागली नाही तर..." एवढं म्हणून थांबले. मी म्हटलं, "तर विचार करतील, असं मला वाटतं." दुसऱ्या दिवशी स्वारी सायकलला बसवायचं इंजिन घेऊन हजर! जो माणूस चप्पल तुटली तरी वेताने शिवून वापरतो, त्याने इंजिन आणलं!

आता हे इंजिन सायकल कशी ओढतं? मागच्या चाकाला एक दातेरी चक्र बसवतात, त्यावर चेन चढवतात, आणि इंजिन ती चेन फिरवतं. त्या चक्राला म्हणतात स्प्रॉकेट. ते किती दात्यांचं घ्यायचं हे आपण ठरवायचं. झालं! इथे आमचे हे मध्ये पडले. ह्यांनी जन्मात सायकलमध्ये हवा भरलेली नाही, पण मत विचारा! जेवता जेवता ताटावर वाटी उपडी ठेवून समजवायला लागले. "पायडलचं चक्र मोठं असलं की सायकल पळते, पण चढावर जड जाते. बरोबर? मग चढायचं तर चक्र लहान घ्यावं. साधा हिशेब आहे." ऐकायला इतकं छान वाटलं की मलाही पटलं. भाऊजींना तर मोठ्या भावाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जाऊन छत्तीस दात्यांचं चक्र बसवून आले.

सपाटीला काय पळाली म्हणता! भाऊजींची टोपी उडाली, ती मी उचलून आणली. पण टेकडीच्या वळणावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पूर्वी नुसती सायकल ढकलायची होती, आता वर इंजिनाचंही वजन. दुष्काळात तेरावा महिना! ढकलत ढकलत वर पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. बाईंनी पाणी दिलं, तर धापेमुळे एक घोटही गिळता येईना. बाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "आता एकच खुर्ची राहिली आहे ना तुमच्याकडे? ती मी शिपायाला पाठवून आणवीन. तुम्ही नका येऊ आता. खरंच नका येऊ."

हे मला भाऊजींनी सांगितलं तेव्हा ते शेवटच्या खुर्चीची कड घासत होते. ती कधीच गुळगुळीत झाली होती, तरी घासत होते. जेवायला आले नाहीत. मला असा संताप आला! "तुमच्या त्या वाटीने माणसाचा संसार सुरू व्हायच्या आधीच बुडवला," असं ह्यांना सुनावलं. हे ताटाकडे बघत म्हणाले, "हिशेब तर बरोबर होता." म्हणे बरोबर होता!

सकाळ झाल्यावर भाऊजींना पुढे घालून मीच इंजिनवाल्याच्या दुकानात गेले. वाटीचा हिशेब ऐकून तो पोट धरून हसला. "अहो वहिनी, पायडलचं चक्र पुढे असतं, हे मागे. पुढचा कायदा मागे उलटा चालतो. ते दुकानाचं दार बघा. आधी बिजागरीजवळ ढकला, मग कडेला ढकला." मी ढकललं. बिजागरीजवळ दार हलेना, कडेला एका बोटाने उघडलं. "तसंच हे. मागचं चक्र जेवढं मोठं तेवढं इंजिनाला चढणं हलकं. फक्त वेग मार खातो." त्याने भाऊजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्या अंगाला आणि एका खुर्चीला अठ्ठेचाळीस दाते पुष्कळ झाले."

"छप्पन्नचं द्या," भाऊजी म्हणाले.

"एवढं कशाला? सपाटीला गोगलगाय होईल."

"दोघांचं वजन धरा."

"दुसरं कोण?"

"अजून ठरायचंय," भाऊजी म्हणाले.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! एरवी मी यावरून त्यांना महिनाभर चिडवलं असतं. पण त्या दिवशी मला भिंतीवर टांगलेल्या चेन बघायचं नाटक करावं लागलं, कारण डोळे भरून आले होते. चक्र मोठं म्हणून इंजिनवाल्याने चेनलाही काही कड्या जोडल्या, ती ताणून बघितली, आणि म्हणाला, "जा आता बिनधास्त."

सपाटीला मात्र शोभा झाली. आवाज विमानाचा आणि चाल मुंगीची. गल्लीच्या तोंडाशी एक पायी चालणारे गृहस्थ पुढे गेले, आणि मागे वळून काही मदत हवी का म्हणून विचारून गेले. भाऊजींचं कुठेही लक्ष नव्हतं. खुर्ची घट्ट बांधलेली, नजर टेकडीकडे. शिपाई खुर्ची न्यायला खाली उतरायच्या आत त्यांना वर पोचायचं होतं.

मी बसने आधीच वर जाऊन बाईंच्या खोलीत बसले होते. बाई चिडल्या. "मी नको म्हटलं होतं ना? का बोलावता त्यांना? मला नाही बघवत." असं म्हणत खिडकीपाशी जाऊन उभ्या मात्र राहिल्या.  मग त्याच हळूच म्हणाल्या, "ते वळणावर दिसले की मी केस विंचरते, पाणी भरते आणि सावकाश खाली जाते. ते सायकल ढकलत येईस्तोवर सगळं होतं."

तेवढ्यात आवाज आला. वळणावर भाऊजी दिसले. बाईंनी गज घट्ट धरला. "आता बंद पडणार," त्या म्हणाल्या. मीही उठून खिडकीशी गेले. पण इंजिन बंद पडलं नाही. गोगलगाय तर गोगलगाय, पण आपली चढतच राहिली. वळण मागे पडलं, शाळेची भिंत मागे पडली.

"अगं बाई, हे आलेच की!" बाई ओरडल्या आणि अर्धवट सुटलेल्या केसांनिशी जिन्याकडे धावल्या. मी पाण्याचा पेला घेऊन मागोमाग निघाले, पण माझे गुडघे कुठले धावतायत!

मी जिन्याच्या वळणावर पोचले तर दार उघडलेलं आणि दारात भाऊजी. कपाळावर घामाचा थेंब नाही, श्वास एकदम शांत. वाटेत घोकून आणलेलं वाक्य सुरू केलं, "शेवटची खुर्ची आणली आहे, आणि मला तुमच्याशी थोडं..." पुढे त्यांना बोलवेना. कारण बाई भिंतीला हात टेकून उभ्या होत्या, दुसरा हात छातीवर, आणि अशा धापा टाकत होत्या की शब्द फुटत नव्हता.

भाऊजींचा चेहरा उतरला. सायकलची दोरी तोडल्यासारखी सोडली, खुर्ची आत आणली, बाईंना धरून तिच्यावर बसवलं. "बसा. बोलू नका. छातीत दुखतंय का? डॉक्टरांना दाखवलंय का कधी? वहिनी, पाणी!"

बाई मान हलवत होत्या आणि हसत होत्या, आणि हसण्याने धाप आणखीच वाढत होती. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "काही नाही झालं मला. जिना धावत उतरले."

"धावत कशाला उतरलात?"

"तुम्ही आलात म्हणून."

 मग बाईंनी श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि म्हणाल्या, "मलाही अशी धाप लागते कधीकधी. तुम्हाला चालेल?"

"चालेल," भाऊजी म्हणाले. आणि समोरच्या पायरीवर मांडी घालून बसले. "आधी तुमचा श्वास बसू दे. मला कुठे जायचं नाहीये."

मी पाण्याचा पेला घेऊन जिन्यातच थांबले.