आग्नेल लोबोची बांधणी

शिरोड्याला बाजारातून समुद्राकडे जाताना उजव्या हाताला आग्नेल लोबोचं दुकान लागतं. दारात उघडे पडलेले पंप, आत वॉर्निशचा वास, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं. पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणं हा त्याचा व्यवसाय. आमच्या विहिरीवरचा पंप दोनदा त्याच्या हाताखालून गेला आहे, त्यामुळे माझी त्याची ओळख जुनी.

त्याच्या कामाची एक खूण आहे. मोटारीच्या आतून निघणाऱ्या सगळ्या वायरी तो एकत्र घेतो, सरळ करतो आणि पांढऱ्या सुती टेपने ठरावीक अंतरावर गाठी मारत त्यांची एक जुडी बांधतो. सावंतवाडीच्या बाजूला एखादी मोटार उघडली आणि आत अशी जुडी दिसली, की कारागीर म्हणतो, ही आग्नेलची बांधणी. बांधणीला कारणही आहे. मोटारीत सुटी राहिलेली वायर फिरत्या भागाला घासते आणि मोटार जळते. हे त्याला वास्कोला ज्यांच्याकडे तो शिकला त्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि पुढच्या आयुष्यात त्याने एकही वायर सुटी ठेवली नाही.

आग्नेलची मुलगी सँड्रीना सावंतवाडीच्या एका शाळेत संगणक शिकवते. शनिवार-रविवारी ती म्हापशाच्या एका बँडमध्ये गिटार वाजवते. चर्चमध्ये वाजते ती गिटार वेगळी. ही विजेवरची, आणि तिचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये इतका वाढवतात की तो फाटतो. तो फाटलेला आवाज हेच या संगीताचं भांडवल. सँड्रीनाचा विकत घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर खाऱ्या हवेने गंजून बंद पडला. मग ती काही महिने दुसऱ्यांचा मागून वाजवत राहिली. नोव्हेंबरच्या शेवटी म्हापशाला बँडांची स्पर्धा होती. तिथे ज्याने त्याने आपापलं सामान आणायचं होतं. बँडमध्ये ड्रम वाजवणारा क्रिस्टोफर हाच तिथला कर्ताधर्ता. त्याने तिला अगदी सौम्य शब्दांत कळवलं, की फोंड्याचा एक मुलगा आहे, बरा वाजवतो, त्याच्याकडे स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. तुझी सोय झाली नाही तर यावेळी त्याला घेऊ. ‘यावेळी’चा अर्थ सँड्रीनाला कळला, आणि जेवताना तिने तो घरात सांगितला तेव्हा आग्नेललाही कळला. मी करून देतो, असं तो म्हणाला.

जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या जोडणीचा नकाशा तिने छापून आणला. मोठे दोन व्हॉल्व्ह एका मंडपवाल्याच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून मिळाले, छोटे तिने मागवले. ट्रान्सफॉर्मर आग्नेलने स्वतः गुंडाळले, वॉर्निशमध्ये बुडवले, भट्टीत सुकवले. ते काम त्याच्या हातचंच होतं. बाकीचं त्याला नवीन होतं. गिटारचा बारीकसा आवाज एका व्हॉल्व्हने वाढवायचा, तो दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि असं करत शेवटी व्हॉल्व्हच्या सहनशक्तीपलीकडे न्यायचा, ही कल्पनाच त्याला उलटी वाटत होती.

“लोक माझ्याकडे पंपाचो आवाज फाटता म्हणान येतत,” तो मला म्हणाला, “आणि हिका फाटको आवाज होयो.”

सँड्रीना आतून म्हणाली, “पप्पा, मम्मी कापड फाडता ना, तसो फाटांदे. सरळ.”

तिची आई जेसिंता घरी शाळेचे गणवेश शिवते. कापडाला कात्रीने एक छेद देऊन ते दोन्ही हातांनी ओढलं, की धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. ही उपमा आग्नेलला पटली असावी, कारण त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला जोडणी पूर्ण झाली. मी पाहिली. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी, आणि आत सगळ्या वायरी एका जुडीत, कोपऱ्यावर काटकोनात वळलेल्या, बोटभर अंतरावर गाठी. मी तरी इतकं नीटस काम पाहिलं नव्हतं, आणि तसं मी म्हणालोही.

सुरू केल्यावर व्हॉल्व्ह तापून लाल झाले, आवाज आला. पण आवाज वाढवायचं बटण अर्ध्याच्या पुढे नेलं, की पेटी शिट्टी मारू लागली. बारीक, सलग, कानाच्या मुळाशी जाणारी शिट्टी. गिटार काढून ठेवली तरी ती चालूच. बटण मागे घेतलं की गप्प. म्हणजे ज्या भागासाठी सगळा खटाटोप केला, नेमका तोच वापरता येत नव्हता.

आग्नेलने व्हॉल्व्ह बदलले. सगळे सांधे पुन्हा डाख देऊन पक्के केले. मग त्याला अर्थिंगचा संशय आला. आमच्याकडच्या जांभ्या दगडात पावसाळा सरला की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्याने खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलं. जेसिंता ओट्यावरून पाहत होती.

“माडाक मीठ घालतत,” ती म्हणाली, “आता पेटयेकय घाल. नारळ लागतीत.”

पेटीने संध्याकाळी पुन्हा शिट्टी मारली. पंप लावल्यावर पाणी तरी येतं, यातून नुसती बोंब येते, असंही जेसिंताने मला ऐकवलं, पण ते त्याच्या माघारी.

नोव्हेंबर लागला. क्रिस्टोफरचा फोन येऊन गेला. फोंड्याचा मुलगा सरावाला येऊन बसू लागल्याचं सँड्रीनाला दुसऱ्याकडून कळलं. तिने वाचून, विचारून माहिती काढली होती, की अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वायरी एकमेकींपासून लांब ठेवाव्या लागतात. तिने वडिलांना तसं सांगितलं. आग्नेलने ऐकून घेतलं आणि वायर सुटी सोडणं हे गबाळ्याचं काम, एवढंच बोलून तो पंपाकडे वळला.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिसा आटोपून ती दुकानात आली तेव्हा मी तिथेच होतो. पेटी उघडी टेबलावर होती. आत चारशेच्या वर व्होल्टचा दाब असल्यामुळे, झटका बसलाच तर तो छातीतून जाऊ नये म्हणून आग्नेल नेहमी डावा हात पाठीमागे धरून काम करत असे. तिनेही तसाच हात पाठीमागे धरला. पेटी चालू केली, बटण पुढे नेलं, शिट्टी सुरू झाली. मग बांबूची एक सुकी काडी घेऊन तिने जुडीच्या टोकाशी, दोन गाठींच्या मधली एक वायर हलकेच उचलली. शिट्टीचा सूर खाली आला. आणखी उचलली तशी शिट्टी थांबली. काडी काढून घेतली, वायर जागेवर बसली, शिट्टी परत आली.

आग्नेल जवळ आला. “परत कर.”

तिने परत केलं.

“ही खंयची वायर?”

“पयल्या व्हॉल्व्हाची. आणि तिच्या बाजूक आसा ती शेवटच्या व्हॉल्व्हाची.”

चर्चमध्ये कोणी माइक स्पीकरसमोर नेला की जे होतं तेच इथे होत होतं. शेवटच्या वायरीतला वाढलेला आवाज शेजारच्या पहिल्या वायरीत झिरपत होता, पुन्हा वाढत होता, पुन्हा झिरपत होता.

“म्हणजे शेवटचो आवाज परत सुरवातीक जाता,” तो म्हणाला.

“होय. तूच दोघांका एकत्र बांधलंस.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने पेटी बंद केली, आत साठलेला दाब उतरवून घेतला. तिने टेबलावरची कात्री उचलली.

“तू नको,” आग्नेल म्हणाला. “मी बांधलंय, मीच सोडतंय.”

त्याने एकेक गाठ कापली. टेपचे तुकडे टेबलावर न टाकता तो मुठीत धरत गेला. जुडी सैल झाल्यावर वायरी आपापल्या दिशेला वळल्या, आणि पेटीचं रूप एकदम बिघडलं. मला ते पाहवलं नाही, हे खरं आहे. पण तो थांबला नाही. पुढचे काही दिवस पंप दाराबाहेर पडून राहिले. त्याने प्रत्येक वायर छोटी कापली आणि तिच्या ठिकाणी सर्वांत जवळच्या वाटेने नेली. दोन वायरींची गाठ पडलीच तर फुलीसारखी, एकमेकींवरून आडवी. गिटारकडून येणारी वायर त्याने जाळीचं आवरण असलेली घातली. आत बघितलं तर कोळिष्टकासारखं दिसत होतं. एकदा तो स्वतःशी म्हणाला, की उस्तादांनी हे पाहिलं असतं तर दुकानाबाहेर काढलं असतं.

शुक्रवारी बटण पूर्ण पुढे नेलं. पेटीत फक्त पाऊस लांबवर पडत असावा तशी हलकी सरसर होती. सँड्रीनाने गिटार लावली आणि एक जाड तार छेडली. दुकानातले पत्र्याचे डबे थरथरले. आवाज फाटला होता, पण त्याला कड होती, आणि शेवटपर्यंत तो ओढून धरल्यासारखा सरळ राहिला. घरातून शिलाई मशीनचा आवाज थांबला. जेसिंता दारात येऊन उभी राहिली.

“आता फाटता खरा,” ती म्हणाली. “शेजारची कोंबडी अंडी द्यायची नाय.”

आग्नेलने मागचं झाकण लावलं आणि सगळे स्क्रू आवळले. आतलं कोणाला दाखवायचं नाही, असं त्याने सँड्रीनाला बजावलं.

म्हापशाला मी त्यांच्याबरोबर गेलो, कारण पेटी माझ्या गाडीत मावत होती. बँडचा क्रमांक आला नाही. मला त्या संगीतातलं कळत नाही, पण पेटीने शिट्टी मारली नाही आणि सँड्रीनाच्या गिटारचा आवाज ड्रमच्या वर ऐकू येत होता, एवढं कळलं. वाजवून झाल्यावर क्रिस्टोफर पेटी उचलायला पुढे आला. आग्नेलने त्याला हाताने थांबवलं. व्हॉल्व्ह तापलेले असताना हलवले तर आतली तार तुटते, थंड होऊ दे, असं सांगितलं. मग बँडमधले सगळे मंचामागे पेटीभोवती उभे राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. फोंड्याचा मुलगाही आला होता. त्याने झाकणाच्या फटीतून डोकावून पाहिलं आणि हे कोणी केलं, असं विचारलं. सँड्रीनाने वडिलांकडे बोट केलं. आग्नेलने मान दुसरीकडे वळवली.

क्रिस्टोफरने पेटीवर तळहात ठेवून पाहिला. अजून गरम होती. डिसेंबरात मडगावला एक लग्न आहे, असं तो सँड्रीनाला म्हणाला. सराव बुधवारपासून, आणि पेटी आणायला तो स्वतः व्हॅन घेऊन शिरोड्याला येईल.