उकंडराव पाटलांचे दाखले

डोणगावचे पोलीस पाटील उकंडराव यांना एक सही करायला अर्धी चिलीम लागे. म्हणून सरकारी नोकरीसाठी वर्तणुकीचा दाखला मागायला कोणी आलं, की ते कोरा कागद पुढे सरकवत. दाखला ज्याचा त्याने लिहायचा, खाली सही पाटलांची. त्यामुळे गावात वाईट माणूस असा उरलाच नव्हता.

माझा मुलगा पंजाब बेचाळीसच्या चळवळीत आठ महिने अकोल्याच्या तुरुंगात होता. सुटून आला तेव्हा अशांना सरकार दारातही उभं करत नसे. चव्वेचाळीसमध्ये मेहकरच्या तहसिलीत कारकुनाची जागा निघाली, तेव्हा पाटलांपुढे बसून दाखला मीच लिहिला. त्यात लिहिलं, हा मुलगा ते आठ महिने नांदुऱ्याला मावशीकडे विषमज्वराने आजारी होता. मी नागपूरला इंटरपर्यंत शिकलेली. औषधांच्या वेळांसकट लिहिलं. पाटलांनी सही ठोकली. जागा दुसऱ्यालाच मिळाली आणि कागद फायलीत पडून राहिला.

सेहेचाळीसमध्ये वरची माणसं बदलली आणि नियम उलटा झाला. चळवळीत तुरुंगात गेलेल्यांना आधी घ्या. पंजाबने सुटकेचा कागद जोडून पुन्हा अर्ज केला. तहसीलदारांनी विचारलं, हा तुरुंगात होता की मावशीकडे? पाटलांना घेऊन या.

मी धावत पाटलांकडे गेले. खोटा दाखला उमेदवाराच्या आईच्या हातचा निघाला, तर नोकरी कसली, खटलाच. पाटील मात्र हसत होते.

"बाई, आमच्या लोकायचं खोटं चार दिवसात विरते. तुमचं शिकलेल्या माणसाचं. मोडता मोडून नाही राह्यलं."

मेहकरला त्यांनी सरळ सांगून टाकलं, पोरगं तुरुंगातच होतं, खोटं मी लिहिलं. तहसीलदारांनी वरचं वळणदार अक्षर पाहिलं, मग खालची वाकडी सही.

"हे अक्षर तुमचं?"

"हाव साहेब. तवा तरणा होतो."

कागद दोन वर्षांपूर्वीचा होता. तहसीलदारांनी तो परत फायलीत ठेवला. मग त्यांनी पाटलांची पाटिलकी सहा महिने काढून घेतली आणि पंजाबला सोमवारी हजर व्हायला सांगितलं.

परत येताना मी पाटलांची माफी मागू लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"आता मलेबी सरकारनं शिक्षा देली. पुढच्या भरतीत पह्यले मलेच घेतील."