आप्पांची कसदार अंडी

सकाळी चहाचा पहिला घोट घ्यावा आणि भिंतीपलीकडून आप्पांचा हात पुढे यावा, हा नेमच होता. तळहातावर फोडलेलं कच्चं अंडं, त्यात थरथरणारा केशरी बलक, आणि बोटांच्या फटींतून मनगटाकडे ओघळणारा पांढरा. "बगा वैनी, कसा रंग चढलाय!" त्याच हातांनी नुकतंच कोंबड्यांचं खाद्य कालवलेलं असे, नखांत मासळीचा चुरा असे. माझा चहा तिथेच थांबायचा.

ही ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वाणगावात आमचं आणि त्यांचं परस एकाच भिंतीला लागून होतं. आप्पा मूळचे साताऱ्याकडचे. बोईसरच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्यांनी परसात पांढऱ्या विलायती कोंबड्या पाळल्या. घरात पिढ्यान्पिढ्या शाकाहार. अंडं त्यांनी जन्मात जिभेला लावलेलं नव्हतं, पण अंड्यात कस कसा भरावा हे मात्र ते साऱ्या गावाला शिकवत. "चोचीतनं जाईल तेच बलकात उतरंल," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

रंगासाठी झेंडूच्या पाकळ्या, कवच टणक व्हावं म्हणून कुटलेले शिंपले. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण ताकदीसाठी ते कुटा आणत. कुटा म्हणजे विकायला न चालणारी, निम्मी कुजलेली वाळकी मासळी. घिवलीची जनाबाय ती टोपली घेऊन यायची आणि नाकाला पदर लावूनच उतरवायची. कोळणीने नाकाला पदर लावावा, म्हणजे बघा!

"आप्पा, ह्यो आमी माडाला घालतो, खत म्हनून," ती म्हणायची. "खायला नाय हाय ह्यो."

"माडाला नारळ लागत्यात न्हवं? मग कोंबडीनं काय पाप केलंय?" आप्पा हसायचे. वर मुशी माशाच्या काळजाचं तेल. डोळ्यांना चांगलं म्हणे! पिवळं, चिकट, आणि उन्हात तापलं की पोटातलं सगळं घशाशी आणणारं. ते वाटीवाटीने धान्याच्या भरड्यात ओतायचे आणि मग तोच हात लेंग्याला पुसायचे. शी!

शेजारधर्म म्हणून मी अंडी घ्यायचे. एकदा ह्यांच्या वाढदिवसाला पातेल्यात वाळू तापवून केक केला. पाहुण्यांनी पहिला घास घेतला, एकमेकांकडे पाहिलं, आणि एकाने अदबीने विचारलं, "वहिनी, बोंबील तळताय का?" तो केक शेवटी मांजराने चाटूनपुसून खाल्ला. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या जिभेला कसदार खायाची सवय न्हाई, वैनी." असा संताप आला! ज्याने चव म्हणून घेतली नाही, त्याने मला जिभेच्या गोष्टी सांगाव्यात!

मग त्यांची एकुलती लेक कुसुम बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला आई नव्हती. सातवा महिना, अंगात रक्त नाही, चेहरा पांढराफटक. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की अन्न अंगी लागलं नाही तर बाळालाही धोका आहे आणि आईलाही. गोळ्या घ्या, पालेभाजी खा, अंडी खा. अंडी खायला कुसुम सासरी शिकली होती, तिला ती आवडायचीही. आप्पांना तर हुरूपच आला. तेल दुप्पट झालं, कुटाही वाढला. कुसुम एक घास घ्यायची आणि मोरीकडे धावायची. घेतलेल्या गोळ्याही त्याबरोबर पडायच्या.

"आप्पा, वास येतो हो," ती रडायची.

"औषध म्हनून गीळ, बाय."

एका दुपारी तिच्या त्या ओकाऱ्या मला ऐकवेनात. भिंतीशी जाऊन मी ओरडले, "आप्पा, आधी तुम्ही खाऊन दाखवा! मग द्या पोरीला!"

 कुसुमच्या ताटलीतलं उकडलेलं अंडं आप्पांनी उचललं, डोळे मिटले आणि चावा घेतला. पेरूच्या झाडापर्यंतही त्यांना पोचता आलं नाही. मी तोंड फिरवलं. मागून त्यांचा आवाज आला, "वैनी, ही घान मी लेकीला चारत हुतो?"

तेल त्याच दिवशी गटारात गेलं. कोंबड्यांपुढे मका, कोंडा आणि शेवग्याचा पाला आला. पण अंड्यातला वास काही एका दिवसात उतरत नाही. कुसुमला बाजारची अंडी आणून दिली, तर नुसती बघूनच तिला उमासे येऊ लागले. अंडं म्हटलं की तिला तोच वास. इकडे वास गेला का ते बघायला आप्पा रोज सकाळी एक अंडं उकडायचे, चाखायचे आणि झाडामागे जाऊन ओकायचे. माझी सकाळ पूर्वीपेक्षाही वाईट जाऊ लागली.

कुसुम पुढे सुखरूप बाळंत झाली. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलाय तो त्याआधीचा एक दिवस. मी भिंतीशी उभी होते; मागच्या उघड्या दारात आप्पा लेकीसमोर मांडी घालून बसले. अंड्याचे दोन भाग केले. अर्धा भाग तिच्यादेखत सावकाश चावून खाल्ला, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. "वास न्हाई. खा." कुसुमने हुंगलं, चिमूटभर तोंडात टाकलं, मग उरलेलं सगळं खाल्लं. थोडा वेळ आम्ही वाट पाहिली. ती उठली नाही.

"आणखी आहे का हो, आप्पा?"

"हाय की!" दुसरं अंडं त्यांनी तिच्या हातावर ठेवलं, शांतपणे बाहेर आले आणि झाडामागे जाऊन भडाभडा ओकले. अंड्याला वास नव्हता. त्यांना अंडंच सोसत नव्हतं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर पंचा दाबून धरला होता त्यांनी.

मी भिंतीवरून पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी त्याच बरबटलेल्या हातांनी माझ्या हातासकट तो धरला. किळस तेव्हाही आली, खोटं कशाला सांगू? पण हात मी मागे घेतला नाही.